कोरी, हाताळलेली, घासलेली

मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या आहेत. गल्लीच्या तोंडाशी टँकर येतो तेव्हा बायकांच्या घागरी एकमेकींवर आपटतात. तो आवाज आला की मला आमच्या दुकानाची आठवण होते. आठवण चांगली आहे म्हणून होते असं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट उन्हाळा त्याच आवाजात गेला, म्हणून होते.

आमच्या घरात माळ्यावर अजून चार पेटारे जुन्या रेकॉर्डी आहेत. सूनबाई रेखा त्या आता फोनवर विकते. फोटो काढते, खाली चार शब्द लिहिते, आणि कुठल्या तरी लांबच्या गावचा माणूस त्या मागवतो. परवा तिनं मला विचारलं, "आत्याबाई, हिच्याखाली काय लिहू? फोनमध्ये ठरलेले शब्द आहेत. त्यातला एक निवडावा लागतो." मग तिनं ते शब्द वाचून दाखवले. नव्यासारखी, उत्तम, चांगली, बरी, खराब. आणि वर एक वेगळा चौकोन, त्यात खूण केली की लाल अक्षरात 'दुर्मिळ' असं उमटतं. दुसऱ्यांनी काय लिहिलंय तेही तिनं दाखवलं. दहातल्या नऊ दुर्मिळ होत्या. मी म्हणाले, इतक्या दुर्मिळ आहेत तर इतक्या निघाल्या कुठून. ती हसली. मला हसू आलं नाही.

आमचे मालक रेडिओ दुरुस्त करायचे आणि जुन्या रेकॉर्डी घ्यायचे-विकायचे. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या बोळात दुकान होतं, पुढं दुकान, मागं घर. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलायचे, वाचायचे अडखळत, लिहायचे नाहीतच. मी चौथी पास. पण माझं अक्षर सरळ होतं, म्हणून दुकानाची कार्डं मी लिहायची. पुण्या-मुंबईकडचे शौकीन लोक पत्रं पाठवायचे, अमुक गाणं आहे का, अमुक बाईची रेकॉर्ड मिळेल का, असली तर कशी आहे ते कळवा. मालक सांगायचे, मी लिहायची. ते सांगायचे 'नायाब', मी लिहायची 'सहसा मिळत नाही'. ते सांगायचे 'बेदाग', मी लिहायची 'डाग दिसत नाही'. ते म्हणायचे, तू माझ्या बोलण्यातलं तूप काढून टाकतेस. मी म्हणायची, कार्ड तेलकट झालं तर पोस्टमन घेत नाही.

पण एक सांगते. तोंडानं ते कितीही गोड बोलले तरी माल खोटा सांगत नव्हते. आमच्याकडं तीनच शब्द होते. कोरी, हाताळलेली, घासलेली. कोरी म्हणजे कधी वाजवलेलीच नाही. हाताळलेली म्हणजे वाजवली, पण जपून. घासलेली म्हणजे सुईनं खाल्लेली. जुन्या रेकॉर्डी लाखेच्या, आणि सुई लोखंडाची. प्रत्येक वेळी वाजवताना सुई थोडं थोडं गाणं खाते. रेकॉर्ड आली की ते दारात उजेडाकडं तिरकी धरायचे. चकाकती काळी असली तर चांगली. राखेसारखी करडी दिसली तर घासलेली. मग नखानं कडेला टिचकी मारायचे. टण वाजली तर अखंड, थप वाजली तर आत कुठं तरी चीर. आणि सगळ्यात शेवटी मधल्या भोकाकडं बघायचे. रेकॉर्ड मशीनवर चढवताना खिळा भोकात बसेपर्यंत लेबलावर थोडा घासतो, त्याच्या बारीक रेघा पडतात. जितक्या रेघा, तितक्यांदा कुणी तरी ती चढवलेली. मालक म्हणायचे, माणूस तोंडानं काही पण सांगेल, हे भोक खरं सांगतं.

दुर्मिळ या शब्दाचं मला तेव्हाच कळलं होतं. एखादी रेकॉर्ड का मिळत नाही? एक तर लोकांनी इतकी वाजवली की सगळ्या झिजून फुटून गेल्या. पण अशा थोड्या. बाकीच्या मिळत नाहीत त्याचं कारण तेव्हा त्या कुणी घेतल्याच नाहीत. न खपलेल्या परत जायच्या, त्या फोडून लाख पुन्हा भट्टीत घालायचे म्हणे. म्हणजे ज्याला आज लाल अक्षरात दुर्मिळ म्हणतात, ते बहुतेक वेळा त्या काळात कुणाला नको असलेलं गाणं असतं. शौकिनांना हे आवडत नाही. त्यांना वाटतं, हिरा हरवला होता आणि आपण शोधला.

लातूर नवा जिल्हा होऊन थोडी वर्षं झाली होती. दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' खोडून वर 'जि. लातूर' लिहिलेलं, आणि खालचं अक्षर उन्हात अजून दिसायचं. नवी कचेरी, नवे साहेब, त्यांची बिऱ्हाडं. साहेबांच्या घरी टेपरेकॉर्डर असायचे, ते कॅसेट मागायला यायचे. रेकॉर्डीकडं बघून म्हणायचे, हे अजून चालतं का. गावात जिल्हा आला होता आणि पाणी गेलं होतं. आठवड्यात एकदा नळ, तोही खोकल्यासारखा. नंतर तोही बंद, मग टँकर. दुकानात रेकॉर्डी धुवायची माझी जागा होती, परातीत रिठ्याचं पाणी करून एकेक धुवायची आणि भिंतीला टेकवून वाळवायची. त्या वर्षी ती परात उपडी पडून राहिली. तिच्या बुडावर धूळ बसली.

गुणाबाई आमच्या दुकानात पहिल्यांदा आली ती त्याच्या दोन वर्षं आधी. नायगावकडच्या एका खेड्यातली. साठीला टेकलेली, अंगानं वाळकी. तिनं मालकांना विचारलं, गुणाबाई नायगावकर या नावाची रेकॉर्ड आली का कधी. मालक म्हणाले, नाही ऐकलं नाव, कोण आहे ती. ती म्हणाली, "मीच हाय की भाऊ."

मग तिनं सांगितलं. सतरा-अठराची असताना तिला हैद्राबादेत नेलं होतं. एका खोलीत उभं केलं, भिंतींना गोधड्या लावलेल्या. दोन गाणी म्हणून घेतली, एका बाजूला एक. त्याच दिवशी रेल्वेनं परत. पुढं दोन महिन्यांत लग्न झालं, सासरी गाणं बंद झालं. कंपनीनं एक रेकॉर्ड पाठवली होती. सासरी मशीन नव्हतं. सासऱ्यानं ती रांजणावर झाकण म्हणून ठेवली. बरीच वर्षं होती, मग वासराची लाथ लागून फुटली. आपण कसं गायलो ते तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. "म्हणताना आपल्याला आपलं कळत न्हाई ना अक्का," ती मला म्हणाली. "मरायच्या आधी एकदा ऐकायचं हाय. बाकी मला कायबी नको."

तेव्हापासून ती दोन-तीन महिन्यांनी यायची. दोन एसट्या बदलून. दुष्काळ पडल्यावर ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथला एक दिवस बुडवून यायची. केसांत खडीची पांढरी धूळ असायची. आवाज पार बसलेला, खोकल्याशिवाय वाक्य संपायचं नाही. मालक तिला चिडवायचे, "गुणाबाई, नुसतं गुणगुणा तरी, म्हणजे आली की ओळखू." ती म्हणायची, "आता मी म्हणलं तर तुमचं गिऱ्हाईक पळून जाईल भाऊ. ज्या पोरीनं म्हणलं ती येगळी व्हती." चहा प्यायची, पेटाऱ्यांकडं बघायची आणि जायची.

ती रेकॉर्ड उदगीरच्या एका व्यापाऱ्याच्या घरातून आली. त्याचा बाप शौकीन होता, नवी निघेल ती घ्यायचा, ऐकायला वेळ नसायचा. बाप गेला, पोरांनी पेटारा आमच्याकडं पाठवला. तळाशी कागदी पिशवीत ती होती. लेबलावर तिचं नाव. मालकांनी पिशवीतून काढली, उजेडात धरली, टिचकी मारली. टण. मग भोक बघितलं. एकही रेघ नव्हती. चाळीस वर्षांत कुणी एकदाही मशीनवर चढवली नव्हती. पिशवीच्या तोंडातून आत शिरलेली धूळ तेवढी दोन्ही बाजूंवर चिकटून बसली होती.

पुण्याच्या एका गृहस्थांची आमच्याकडं मागणी होती, हैद्राबादकडच्या जुन्या मराठी गाणाऱ्या बायकांची काहीही असेल तर आधी मला कळवा. मी त्याच दिवशी कार्ड लिहिलं. 'कोरी आहे. भोकाभोवती रेघ नाही. धूळ आहे, धुवावी लागेल.' आणि टाकलं. गुणाबाईचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला. पण ती कधी येईल ते ठरलेलं नव्हतं आणि धंदा धंदा होता. आमचा एक नियम होता, कार्ड गेलं की ती रेकॉर्ड वाजवायची नाही. आपण कोरी लिहिलं आणि मागं एकदा लावून ऐकली, तर आपलं लिहिलेलं खोटं झालं.

कार्ड टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी गुणाबाई दारात उभी. मालक कामानं नांदेडला गेलेले, दुसऱ्या दिवशी यायचे होते. दुपारची वेळ, बोळात माणूस नाही, लाईट गेलेली. मी तिला सांगितलं नसतं तर तिला कळलं नसतं. पण माझ्या तोंडातून निघून गेलं, की तुमची रेकॉर्ड आली.

ती खाली बसली. उंबऱ्यावरच. मी तिला नियम सांगितला. पुण्याच्या माणसाचं सांगितलं. ते नको म्हणाले तर पुढच्या खेपेला ऐकवते, असंही म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला मी ऱ्हाते का न्हाई, कुणाला ठाव अक्का." रडून नाही म्हणाली. एसटी किती वाजता आहे हे सांगावं तसं म्हणाली.

मी मशीनचं झाकण काढलं. चावीचं मशीन, त्याला लाईट लागत नाही.

धुळीसकट लावली असती तर सुईनं धूळ खोबणीत दाबून आणखी नास केला असता, म्हणून आधी पुसायला हवी होती. घरात अर्धी घागर पाणी होतं. टँकर येऊन चार दिवस झाले होते. मी परात सुलटी केली, घागरीला हात घातला, तर गुणाबाईनं माझा हात धरला. "पाण्यानं नका धुऊ. त्ये प्यायला ठिवा. कोरडीच पुसा." कोरडी पुसून ती धूळ निघणारी नव्हती. मग मला स्पिरिटची बाटली आठवली. टेपरेकॉर्डरची दुरुस्ती यायला लागल्यापासून मालकांनी ती आणून ठेवली होती. त्यानं ते टेपचा भाग पुसायचे, नव्या प्लास्टिकच्या रेकॉर्डीही पुसायचे. लखलखीत व्हायच्या. लाखेच्या जुन्या रेकॉर्डीला त्यांनी ते कधी लावलं नव्हतं. का लावलं नव्हतं ते मी कधी विचारलं नव्हतं. पाणी असताना विचारायची गरज पडली नव्हती.

मी मांडीवर रेकॉर्ड घेतली, फडकं भिजवलं आणि मागची बाजू पुसायला लागले. फडकं काळं व्हायला लागलं. मला वाटलं चाळीस वर्षांचा मळ आहे. जितकं काळं निघेल तितकी मी जोरात पुसत गेले. गुणाबाईला दाखवलंही, बघा किती घाण होती. ती म्हणाली, "माझ्यासारखीच धुळीत पडून ऱ्हायली व्हती बिचारी." मागची बाजू झाली. पुढची बाजू घेतली, कडेपासून आत आत येत गेले. लेबलाच्या अलीकडं दोन बोटं राहिली असतील तेव्हा बाटली संपली. तेवढी पट्टी कोरड्या कपड्यानं टिपली.

मशीनला चावी दिली. नवी सुई लावली. आधी पुढची बाजू.

आवाज आला तो वाळू चाळल्यासारखा. मी म्हटलं, सुरुवातीला असतंच. पण तो थांबेना. खाली कुठं तरी, विहिरीच्या तळातून बोलावं तसं काही तरी हलत होतं, पण ते माणूस आहे की पेटी आहे तेही कळेना. गुणाबाई भोंग्याच्या तोंडाशी कान नेऊन बसली होती. माझ्या नाकाला वास आला. रंगपेठेत लाखेच्या बांगड्या करणारी बाई निखाऱ्यावर कांडी धरते, तो वास. माझ्या मांडीवरच्या फडक्याला तो वास होता. तेव्हा मला कळलं, स्पिरिटनं लाख विरघळली होती. फडक्यावर मळ नव्हता. फडक्यावर गाणं होतं.

मी सुई उचलणार, तेवढ्यात सुई त्या शेवटच्या दोन बोटांत शिरली.

एका पोरीचा आवाज. पातळ, उंच, पण पोकळ नाही. घाई नाही. शेवटची ओळ तिनं दोनदा म्हटली, दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा हळू, आणि शेवटच्या शब्दावर अशी थांबली की जणू तिला अजून बरंच म्हणायचं आहे आणि कुणी तरी हात करून पुरे म्हटलंय. चहाचे दोन घोट व्हावेत इतका वेळ. मग सुई लेबलापाशी जाऊन खरखरत राहिली.

"ही मी?" गुणाबाई म्हणाली.

मी हो म्हणाले. तिनं पुन्हा लावा म्हटलं. मी फक्त शेवटाशी सुई ठेवली. आणखी दोनदा. तिसऱ्या वेळी तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग मागची बाजू लावली. ती पूर्ण वाळू होती.

रेखाला मी परवा सांगितलं, हे शब्द नीट बघ. घासलेली, चिरलेली, फुटलेली. वस्तू कशी आहे ते सांगतात. तशी कुणी केली, ते त्यात कुठंच नसतं. विकणाऱ्याला म्हणून हे शब्द आवडतात. सगळं आपोआप झाल्यासारखं वाटतं, केस पिकावेत तसं. ती म्हणाली, आत्याबाई, एवढं कोण बघतंय. खरं आहे.

पुण्याच्या गृहस्थांना मी खरं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मालक आले, रेकॉर्ड उजेडात धरली, वास घेतला आणि मला एवढंच विचारलं, कोरी होती ना. मी होती म्हणाले. त्यांनी रेकॉर्ड पुन्हा पिशवीत घातली. ते रागावले असते तर मला परवडलं असतं. मग मी कार्ड घेतलं आणि त्यांना न विचारता लिहिलं, 'रेकॉर्ड माझ्या हातून खराब झाली. स्पिरिटनं पुसली. पाठवत नाही.' पुण्याहून उत्तर आलं, खरं कळवल्याबद्दल आभारी आहे. ज्या माणसाला मी कधी बघितलं नाही त्याला खरं सांगायला मला एक कार्ड पुरलं. तेव्हा मला वाटलं, खरेपणाचा माझा डौल फक्त पोस्टापुरताच होता. आजही तसंच वाटतं.

कारण त्या दुपारी गुणाबाईनं मला सरळ विचारलं होतं, "अक्का, सुरवातीचं का न्हाई आलं?"

माझ्या तोंडात तो शब्द तयारच होता. इतकी वर्षं लिहीत होते. मी म्हणाले, "घासलेली आहे."

तिनं त्यावर थोडा विचार केला. आम्ही दुकानात काय बोलतो ते तिनं दोन वर्षं ऐकलं होतं, घासलेली म्हणजे काय ते तिला माहीत होतं. तिच्या तोंडावर हळूहळू काही तरी उमटत गेलं. तसं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"म्हंजी लोकांनी लई वाजवली म्हणायची मग," ती म्हणाली.

भोकाभोवती एक रेघ नव्हती. ती रेकॉर्ड माझ्यासमोर मशीनवर होती, लेबल तिच्या डोळ्यांपुढं होतं, आणि बघायचं कसं ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. चाळीस वर्षं तिचं गाणं कुणी ऐकलं नव्हतं, आणि जे तिला एकदा ऐकायचं होतं ते मी पुसून फडक्यावर घेतलं होतं. हे दोन्ही मी तिला सांगू शकत होते. त्यातलं एक सांगितलं असतं तर दुसरंही सांगावं लागलं असतं.

"हाव," मी म्हणाले. "लई."

रेकॉर्ड तुम्ही घेऊन जा, असं मी म्हटलं. ती नको म्हणाली. "माझ्याकडं कुठं मशीन हाय? हितंच ऱ्हाऊ द्या. आजून कुणी तरी ऐकंल."

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. कधी गेले नव्हते. वाटेत ती खोकत खोकत बोलत राहिली. हैद्राबादेत लागली असंल, नांदेडात लागली असंल, लग्नाघरी भोंग्यावर लावली असंल. आपण खडी फोडून राहिलो आणि तिकडं कुणी ऐकून राहिलं असंल. मी हूं हूं करत होते. नांदेडची गाडी लागली होती. ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या बाईला सांगायला लागली, माझी रेकॉर्ड हाय लातुरात, लोकांनी इतकी वाजवली की पार झिजून गेली. कंडक्टरनं ऐकलं. म्हणाला, "मग काय मावशी, तुमचं तिकीट काढू का न्हाई?" गाडीतले सगळे हसले. तीसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून, लाजून, लग्नाआधीची पोर हसते तशी.

गाडी निघाली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, मी दिसेनाशी होईपर्यंत. मी हलवला नाही. माझे दोन्ही हात पदराखाली होते. बोटांचं काळं निघालं नव्हतं, आणि धुवायला घरी पाणी नव्हतं.